बुलेटची चेनकेस गळतेय? आधी तो मधला नट आवळणं थांबवा

तुमचा प्रश्न असा: 1982 ची बुलेट 350, चेनकेसचं (इंजिनाच्या डाव्या बाजूचा, आत चेन आणि क्लच असलेला तेलाचा डबा) रबर दोनदा बदललं, तरी रोज सकाळी डाव्या बाजूला फरशीवर तेल. वर मेकॅनिकचं 'बुलेट आहे, गळणारच.' हे वाक्य मी चार वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

ब्रेकचं पेडल, फूटरेस्ट काढा, खाली ट्रे ठेवा वगैरे सांगत नाही, दोनदा रबर बदललंय म्हणजे ते येतंच तुम्हाला.

माझी चूक सांगतो. अख्खं कव्हर एकाच मधल्या नटावर बसतं. गळलं की मी तो नट अर्धा फेरा आवळायचो. दोन दिवस थेंब कमी, मग परत सुरू, मग परत अर्धा फेरा. शेवटी एका गॅरेजवाल्याने पान्याला पाइप घालून आवळला आणि मी कौतुकाने बघत उभा! कव्हर मध्ये दबलं, कडा उचलल्या. आता त्यात सोन्याचं रबर घातलं असतं तरी गळलंच असतं. वर त्याने शिलीकॉन असं थापलं की पुढच्या वेळी कव्हर निघेना, तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं. कडेवरचे ते ओरखडे अजून आहेत. पैसे घेतले ते वेगळेच. जाऊ दे.

कव्हर काढून जाड काचेवर पालथं ठेवा आणि कडेखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. थोडंच वाकलं असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने गोल घासा. जास्त असेल तर दुसरं कव्हर शोधा. माझं घासून जमलं, तुमचं जमेलच असं नाही. बसवताना नट बेताचाच आवळा, आणि त्याच्याखालचा वॉशर नवा घाला, तिथूनही पाझरतं.

एवढं करूनही माझी गळती निम्मीच थांबली. उरलेली अल्टरनेटरच्या (वीज तयार करणारा भाग) वायरी मागून बाहेर पडतात त्या रबरी ग्रॉमेटमधून, म्हणजे वायरींभोवतीच्या रबरी कड्यातून होती. तेल खाली ओघळून कडेशी जमतं आणि बिचारं कव्हर बदनाम होतं. रॉकेलने धुवा, कोरडं करा, टाल्कम पावडर मारा, पाच मिनिटं इंजिन चालवा. ओली रेघ कुठून निघते ते लगेच दिसेल.

चेनकेसमध्ये मी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घालतो. लोक यावर भांडतात, भांडू देत. ते लाल असतं, त्यामुळे फरशीवरचं तेल कुठलं ते कळतं. लेव्हल स्क्रू (चेनकेसमधल्या तेलाची पातळी बघायचा) उघडल्यावर काळं तेल भळाभळा आलं तर क्रँकचं ऑइल सील गेलंय, इंजिनचं तेल चेनकेसमध्ये उतरतंय. मग क्लच, स्प्रॉकेट, आतली केस सगळं काढावं लागेल. क्लच पुलरनेच (ओढून काढायचं हत्यार) काढा, हातोडीने नाही. कारचं इंजिन ऑइल मात्र चेनकेसमध्ये घालू नका, त्यातल्या फ्रिक्शन मॉडिफायरने (घर्षण कमी करणारं रसायन) क्लच स्लिप होऊ शकतो.

हे सगळं जुन्या कास्ट आयर्न इंजिनापुरतं. नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनाचं मला विचारू नका. आणि मी मेकॅनिक नाही, हात काळे करून शिकलेला माणूस आहे.

गाडी आठवडाभर चालवून लेव्हल वाढली की कमी झाली ते इथे कळवा. वाढली असेल तर तिसरं रबर विकत घेऊ नका.