अमेरिकेच्या फेडरल सरकारची पत्रे कशी वाचावीत : एल-१ वर येणाऱ्या एका कुटुंबाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कंपनी आपल्याला पुण्याहून एल-१बी व्हिसावर (कंपनीच्याच अमेरिकेतील कार्यालयात बदलीवर जाणाऱ्या विशेष ज्ञानाच्या कर्मचाऱ्यांचा व्हिसा) न्यू जर्सीला पाठवत आहे, सोबत पत्नी आणि तेरा वर्षांचा मुलगा येणार आहे. इथल्या केंद्र सरकारची जी पत्रे घरी येतात आणि नियम बदलल्याच्या ज्या बातम्या रोज कानावर पडतात, त्यांतले आपल्याला नेमके काय लागू आहे हे सामान्य माणसाने कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. व्हॉट्सअॅपच्या गटांवर याची उत्तरे भरपूर मिळतात, पण ती बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी परिस्थितीची असतात, म्हणून सविस्तर लिहितो. पत्र कितीही धास्तीचे वाटले तरी त्यात आधी तीन गोष्टी शोधाव्यात, असे माझे म्हणणे आहे: ते कोणत्या खात्याचे आहे, तो निर्णय आहे की नुसती पोच किंवा प्रस्ताव, आणि मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची आहे. बाकीचा मजकूर त्यानंतर सावकाश वाचला तरी चालतो.

वाहन परवाना, गाडीची नोंदणी, मुलाची शाळा ही कामे राज्याची किंवा गावाची आहेत, फेडरल सरकारची नव्हेत, त्यामुळे त्यांचा विचार इथे करत नाही. आपला संबंध येईल तो मुख्यतः चार फेडरल खात्यांशी: विमानतळावर प्रवेश देणारे सीबीपी, इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारे यूएससीआयएस, सोशल सिक्युरिटीचे खाते आणि आयकराचे आयआरएस. व्हिसा मात्र यांपैकी कोणीच देत नाही. तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भारतातील कॉन्सुलेटमधून मिळतो, आणि पहिला घोळ इथेच होतो.

पासपोर्टवरचा व्हिसा हा दारापर्यंत येण्याचा परवाना आहे. आत किती दिवस राहायचे ते आय-९४ या नोंदीवरून ठरते. भारतीयांना एल-१ व्हिसाचा शिक्का पाच वर्षांचा मिळू शकतो, परंतु पहिल्या वेळची राहण्याची परवानगी साधारणपणे तीनच वर्षांची असते. शिक्क्यावरची तारीख पाहून निर्धास्त राहिलेला माणूस आय-९४ ची तारीख उलटून गेल्यावर बेकायदा वास्तव्यात गेलेला असतो, आणि असे वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडला तर तीन वर्षे, एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाले असल्यास दहा वर्षे, पुन्हा प्रवेश मिळत नाही. याची आठवण करून देणारे पत्र सरकार आपणहून पाठवील असे धरून चालू नये.

म्हणून घरी पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत सीबीपीच्या संकेतस्थळावरून तिघांचेही आय-९४ उतरवून घ्यावे. ते एका पानाचे असते: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, प्रवेशाचा वर्ग आणि कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल ती तारीख. आपल्या वर्गापुढे एल-१, पत्नीच्या वर्गापुढे ‘एल-२एस’ आणि मुलाच्या वर्गापुढे ‘एल-२वाय’ असे असायला हवे. त्या ‘एस’ला फार महत्त्व आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-१ धारकाच्या जोडीदाराला वेगळे वर्क परमिट न काढताही नोकरी करता येते, आणि ‘एल-२एस’ लिहिलेले आय-९४ हाच मालकाला दाखवायचा त्याचा पुरावा ठरतो. तिथे नुसते ‘एल-२’ पडले असेल, तर नोकरीची संधी दारात येईपर्यंत न थांबता ते आधीच दुरुस्त करून घ्यावे. दुसरे असे की पासपोर्टची मुदत तीन वर्षांच्या आत संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ ची तारीखही तेवढीच देऊ शकतो. तिघांचे पासपोर्ट पुण्यातूनच नवे करून निघणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आपल्या महाराष्ट्रीय नावांची अडचण इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव अशी दोन्ही नावे बहुधा एकत्र असतात. संकेतस्थळावर नुसते पहिले नाव घातले की ‘नोंद सापडत नाही’ असे उत्तर येते आणि माणूस घाबरतो. दोन्ही नावे पासपोर्टमधल्या क्रमाने घातली की नोंद बहुधा सापडते. सोशल सिक्युरिटीच्या अर्जात, पगाराच्या नोंदीत आणि बँकेतही नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच ठेवावे. पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर इथेही तेच नाव चालू द्यावे आणि विवाहाच्या नोंदणीचा दाखला हाताशी ठेवावा. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी शुल्क नसते, त्यामुळे पैसे घेऊन तो काढून देणाऱ्यांच्या नादी लागू नये.

यूएससीआयएसची पत्रे बहुतेक करून आय-७९७ या नावाने येतात आणि त्यांचे प्रकार अक्षराने वेगळे केलेले असतात. आय-७९७सी ही प्रामुख्याने पोच किंवा भेटीची सूचना असते. या पत्राने कोणताही दर्जा किंवा लाभ मिळत नाही, असे त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तरीही ती हाती आल्यावर काम झाले असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. आय-७९७ए हे मंजुरीचे पत्र असून त्याच्या तळाशी नवे आय-९४ असते, जे कापून पासपोर्टमध्ये ठेवायचे असते; आय-७९७बी ही मंजुरीच असते, पण तिला आय-९४ जोडलेले नसते. प्रत्येक पत्रावर तीन अक्षरे आणि दहा अंक असा तेरा चिन्हांचा पावती क्रमांक असतो. तो आधी वहीत उतरवून घ्यावा, कारण प्रकरण कुठवर आले ते त्यावरूनच पाहता येते. आपली कंपनी मोठी असेल आणि तिच्याकडे ‘ब्लँकेट’ (सर्व कर्मचाऱ्यांसाठी एकदाच घेतलेली) मंजुरी असेल, तर आपल्या नावाचे स्वतंत्र मंजुरीपत्र नसेल; कॉन्सुलेटने शिक्का मारलेला आय-१२९एस हा अर्जच मुख्य कागद असेल, आणि तो सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावा.

अधिक पुरावे मागणारे पत्र आले, ज्याला इथे सगळे ‘आरएफई’ म्हणतात, तर तो नकार नव्हे. त्यासाठी जास्तीत जास्त ८४ दिवसांची मुदत दिलेली असते, पत्र टपालाने आले असेल तर वर थोडे दिवस मिळतात, आणि मुदत वाढवून मिळत नाही. मुख्य म्हणजे उत्तर एकदाच आणि एकत्रच द्यायचे असते. अर्धे कागद आज आणि उरलेले पुढच्या महिन्यात असे केल्यास पहिल्या पाकिटावरच निर्णय दिला जाऊ शकतो.

घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत यूएससीआयएसला नवा पत्ता कळवणे बंधनकारक आहे. तो एआर-११ या अर्जाने ऑनलाइन कळवता येतो आणि प्रत्येकाची नोंद बदलली पाहिजे, केवळ कुटुंबप्रमुखाची नव्हे. टपाल खात्याकडे पत्ता बदलला म्हणून हे काम होत नाही, आणि यूएससीआयएसची पत्रे नव्या पत्त्यावर वळवली जातील असा भरवसाही ठेवू नये. आपल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक नियम आहे, जो कंपनीचा वकील सांगेलच असे नाही. इथे असताना चौदावे वर्ष पूर्ण झाले की ३० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून त्याची पुन्हा नोंदणी करून बोटांचे ठसे द्यावे लागतात. हा कायदा जुना आहे, पण ११ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी जी-३२५आर हा ऑनलाइन अर्ज ठरवून दिलेला आहे.

आता बातम्यांविषयी. २०१० च्या ‘प्लेन रायटिंग अॅक्ट’नुसार फेडरल खात्यांनी पत्रे, अर्ज आणि सूचना सोप्या भाषेत लिहिणे बंधनकारक आहे, पण प्रत्यक्ष नियमांना तो कायदा लागू नाही. त्यामुळे पत्र समजते आणि नियम समजत नाही, हा अनुभव आपल्यालाही येईल. नियम ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होतात, आणि तिथे प्रस्तावित नियम, अंतिम नियम आणि अंतरिम अंतिम नियम हे भेद शीर्षकाजवळच लिहिलेले असतात. प्रस्तावित नियमाने कुणाच्याही आयुष्यात त्या दिवशी काही बदलत नाही. त्यावर लोकांच्या सूचना मागवलेल्या असतात. अंतिम नियम सहसा प्रसिद्धीनंतर किमान ३० दिवसांनी लागू होतो. अंतरिम अंतिम नियम मात्र सूचनांची वाट न पाहता लागू होऊ शकतो, आणि वर सांगितलेला जी-३२५आर तसाच आला. संपूर्ण दस्तऐवज शंभर पानांचा असला तरी सुरुवातीचा सारांश आणि त्याखालचा तारखांचा परिच्छेद एवढे वाचले की ‘लागू कधी आणि कुणाला’ याचे उत्तर बहुधा मिळते.

एच-४ वरील (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या) जोडीदारांचे वर्क परमिट रद्द होणार, या बातमीचे उदाहरण देतो. २०१७ च्या अखेरीस सरकारने तसा हेतू आपल्या नियोजित कामांच्या यादीत जाहीर केला आणि पुढची तीन वर्षे ‘परमिट गेले’ अशा मथळ्यांनी अनेक घरांची झोप उडवली. प्रत्यक्षात तो प्रस्ताव फेडरल रजिस्टरमध्ये कधी छापलाच गेला नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. याच्या उलट शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५ ची एच-१बी वरील एक लाख डॉलर शुल्काची घोषणा ही राष्ट्राध्यक्षांची थेट घोषणा होती. ती रविवारपासून लागू झाली आणि तिचा मूळ मजकूरही संदिग्ध होता. सर्वपित्री अमावास्येच्या तोंडावर भारतात आलेले लोक मिळेल त्या विमानाने परत निघाले. शनिवारी यूएससीआयएसने खुलासा केला की ती केवळ यापुढे दाखल होणाऱ्या अर्जांना लागू आहे. एल-१ चा तिच्याशी संबंधच नव्हता, तरी एल-१ वरच्या लोकांनीही तिकिटे बदलली. तेव्हा मजकुरात आपल्या व्हिसाचे नाव आहे की नाही, एवढे तरी आधी पाहावे.

कराच्या बाबतीत माझा सल्ला जरा कडक आहे, कारण आपली माणसे इमिग्रेशनला घाबरतात आणि कर गृहीत धरतात. दिवसांच्या हिशेबाने आपण करापुरते अमेरिकेचे रहिवासी ठरलात की भारतातले व्याज, भाडे, शेअरचा नफा हे सर्व इथल्या विवरणपत्रात येते. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या) ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असले तरी इथे करपात्र आहे. शिवाय भारतातील सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात एका दिवसासाठीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ‘एफबार’ ही स्वतंत्र माहिती अर्थखात्याला द्यावी लागते. तीत कर भरायचा नसतो, फक्त माहिती द्यायची असते. सहकारी बँकेतली मुदत ठेव त्यात येते, आणि सोय म्हणून आई-वडिलांच्या खात्यावर दुसरे नाव लावले असेल तर त्या खात्याची पूर्ण शिल्लकही मोजली जाते, जरी त्यातला एक रुपया आपला नसला तरी. हेतू नसताना राहून गेल्यास होणारा दंडही दर अहवालामागे १०,००० डॉलरपर्यंत (महागाईप्रमाणे वाढता) असू शकतो. तो दर खात्यामागे नव्हे, दर अहवालामागे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले. तेव्हा निघण्यापूर्वी खात्यांची यादी करावी, नको ती बंद करावीत आणि साधी बचत खाती एनआरओ (अनिवासींची भारतातील उत्पन्नाची खाती) करून घ्यावीत.

आयआरएसच्या पत्राचा क्रमांक पानाच्या उजव्या कोपऱ्यात असतो. ‘सीपी २०००’ हे त्यातले सर्वाधिक धडकी भरवणारे पत्र, आणि ते बिल नव्हे. त्यात एक तक्ता असतो: आपण विवरणपत्रात दाखवलेली रक्कम, बँक किंवा ब्रोकरने कळवलेली रक्कम आणि दोहोंतला फरक. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना कंपनीचे शेअर विकल्यानंतर असे पत्र आले. विक्रीची सगळी रक्कम नफा धरली होती, कारण खरेदीची किंमत आयआरएसकडे पोहोचलीच नव्हती. त्यांनी ‘सहमत नाही’ या चौकटीत खूण करून खरेदीचे कागद जोडले आणि प्रकरण मिटले. उत्तराची मुदत साधारण ३० दिवसांची असते. ती पाळली नाही तर पुढे करनिश्चितीची नोटीस येते, आणि तिला कर न्यायालयात आव्हान देण्याची ९० दिवसांची मुदत आयआरएस वाढवून देऊ शकत नाही.

आयआरएसचा पहिला संपर्क बहुधा टपालाने होतो. ‘आज पैसे भरा, नाहीतर पोलीस येतील’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. असे फोन करणाऱ्या मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये छापे घातले होते, त्यामुळे फोनवरच्या माणसाचा हेल ओळखीचा वाटला तरी पाघळू नये.

शेवटी वकिलाविषयी विचारले आहे. एल-१ चा अर्ज कंपनीचा असतो, म्हणून त्यावर काम करणारा वकील प्रामुख्याने कंपनीचा असतो आणि मंजुरीची पत्रे आपल्याकडे न येता त्यांच्याकडे जातात. प्रत्येक पत्राची प्रत ई-मेलने मागून घ्यावी. ती मागण्यात संकोचण्यासारखे काही नाही. नोकरी गेली तर नवा मार्ग शोधण्यासाठी ६० दिवसांपर्यंतची किंवा आय-९४ च्या तारखेपर्यंतची, यांपैकी जी आधी संपेल ती, सवलत मिळू शकते, परंतु एल-१ दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. त्या वेळी सल्ला घ्यायचा तो स्वतःच्या पैशाने नेमलेल्या वकिलाचा, आणि त्याच्यापुढे पहिल्याच भेटीत ठेवायला हीच सगळी पत्रे लागतील.