मुलीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग शाळेला पाठवताना

ताई, पुढच्या सप्टेंबरच्या आत तुम्ही कोल्हापुरातली राजारामपुरी सोडून इंग्लंडला येणार, लेक तेव्हा अकरा पूर्ण असेल आणि गांधर्व महाविद्यालयाची ‘प्रवेशिका पूर्ण’ ही गायनाची परीक्षा झालेली आहे. खाजगी शाळेच्या अर्जासोबत तिच्या गाण्याचं रेकॉर्डिंग द्यावं का, त्यानं फी कमी होते का, हे तुमचे दोन प्रश्न.

आधी फीचं सांगते. म्युझिक स्कॉलरशिप मिळाली म्हणजे फी माफ, असं नसतं. बऱ्याच शाळांत थोडेफार टक्के सुटतात, कुठं कुठं नुसता मान आणि वाद्याची मोफत शिकवणी. मोठी सवलत हवी तर बर्सरी, म्हणजे गरजेप्रमाणे मिळणारी फीची मदत, आणि ती घरचं उत्पन्न बघून देतात. त्यात १ जानेवारी २०२५ पासून या फीवर २० टक्के व्हॅट बसलाय. सरकारी शाळा फुकट आहेत, हे भावोजींच्या कानावर घालून ठेवा.

तरी रेकॉर्डिंग कराच. लांबून अर्ज करणाऱ्यांकडून काही शाळा आधी व्हिडिओ मागवतात. अर्जात तशी जागा नसेल तर उगाच लिंक चिकटवू नका, संगीत विभागाला दोन ओळींचा ईमेल टाकून विचारा.

काय गायचं? गुरुजी म्हणतील, यमनचा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं लांबलचक गाणं. नको. विलंबित एकतालाचं एक आवर्तन संपायलाच मिनिटभर जातं, आणि ऐकणाऱ्याचा कान पियानो-व्हायोलिनवर तयार झालेला. छोटा आलाप, द्रुत बंदिश, चार स्वच्छ ताना. तीन-चार मिनिटांत आटपा. दुसरं गाणं एकदम वेगळ्या ढंगाचं, अभंग किंवा नाट्यगीत. खाली राग, ताल आणि गाण्याचा अर्थ एका ओळीत लिहा. ताना तिनं आयत्या वेळी रचल्या असतील तर तेही लिहा, त्याचं इकडं फार कौतुक. पाठ केलेल्या असतील तर मात्र गप्प बसा. ऑडिशनला ‘आता दुसरी घे’ म्हणाले तर पोरगी अडकायची.

प्रवेशिका म्हणजे इकडच्या संगीत परीक्षांची अमुक ग्रेड, असा हिशोब आपणहून मांडू नका. किती वर्षं शिकते, परीक्षेत काय गाऊन दाखवावं लागलं, एवढं साधं लिहा.

स्टुडिओवर पैसे घालवू नका. देवल क्लबमधल्या गाण्याच्या कार्यक्रमाची टाळ्यांसकट क्लिपही नको. घरातच, पंखा बंद करून, कुकर लावायच्या आधी बसवा. मोबाइल आडवा, स्टँडवर, चेहरा आणि हात दिसतील असा. एका दमात घ्या, मध्ये कट नको. तबलजी मिळाला तर उत्तम, नाहीतर तबला-तानपुऱ्याचं ॲप चालेल, पण तानपुऱ्याचा आवाज गळ्यावर चढू देऊ नका. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा. ‘प्रायव्हेट’ केलंत तर त्यांना उघडणारच नाही.

ऑडिशन झूमवर असेल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला विसरू नका. नाहीतर झूम तानपुऱ्याला गोंगाट समजून दाबून टाकतं आणि पोरगी बिनसुराची गातेय असं वाटतं. आदल्या दिवशी मावशीला कॉल लावून ऐकवून बघा.

सप्टेंबरच्या प्रवेशाचे अर्ज बहुतेक ठिकाणी आदल्या दिवाळीच्या आसपासच बंद होतात. म्हणजे रेकॉर्डिंग गणपतीच्या आधी उरका, नंतर गल्लीतले डॉल्बी सुरू झाले की तुम्हाला शांत तास मिळायचा नाही. शाळांची नावं ठरली की कळवा, प्रत्येकीची तारीख वेगळी असते.