‘हे बघून तो हिंसक होईल का?’

मारामारीच्या ॲनिमेची (जपानी ॲनिमेशनपटांची) तक्रार घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा आवाजापासून होते. "सारखं किंचाळणं चाललेलं असतं मॅडम. केस उभे राहतात, डोंगर फुटतात, दुसरं काही नाहीच त्यात. हे बघून बघून आमचाही तसाच होईल का?"

ज्या घराबद्दल लिहितेय (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तिथला मुलगा तेरा वर्षांचा. शाळेत त्याने एका मुलाला जोरात ढकललं होतं, घरी दार इतकं आपटलं होतं की बिजागरी निखळली. त्याच दिवसांत एकच सिनेमा तो पुन्हापुन्हा लावत होता: ‘ड्रॅगन बॉल सुपर: ब्रोली’. आईने दोन्हींची सांगड घातली. वडिलांनी टॅब कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यावरून जे रामायण झालं, त्यानंतर तिघं माझ्याकडे आले.

भीती निराधार नाही, हे मी पालकांना आधीच सांगते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 आणि 1963 मध्ये केलेले बाहुलीचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. मोठी व्यक्ती हवा भरलेल्या बाहुलीला बडवतेय हे पाहिलेल्या लहान मुलांनी नंतर तेच केलं. दुसऱ्या प्रयोगात काहींनी ते प्रत्यक्ष पाहिलं, काहींनी फिल्मवर, काहींनी मांजराच्या वेशातल्या पात्राकडून. अनुकरण तिन्ही गटांत दिसलं. पण ही बालवाडीच्या वयाची मुलं होती, मोजमाप थोड्याच वेळात झालं आणि ती बाहुली मुळात ठोसे खाण्यासाठीच बनवलेली. बँडुरांनी 1965 मध्ये हेही दाखवलं की मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली तर मुलं कमी अनुकरण करतात. म्हणजे मूल नुसते हात-पाय बघत नाही, पुढे काय झालं तेही बघतं. त्यामुळे ‘किती मारामारी पाहिली’ एवढ्यावर माझं भागत नाही.

मुलाला मी एकट्याला भेटले. टॅब त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "तू जो भाग परत लावतोस, तेवढाच दाखव." मला शेवटची लांबलचक लढाई अपेक्षित होती. सिनेमाचा मोठा हिस्सा तीच आहे: गोकू आणि व्हेजिटा हे नायक एकत्र होऊन गोगेटा नावाचा एकच योद्धा बनतात, बर्फाळ प्रदेशाचा चक्काचूर होतो. त्याने ती ओलांडून मागे नेलं. पडद्यावर तीन पात्रं यानात बसून नुसती बोलत होती.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ ही मालिका 2015 ते 2018 या काळात जपानी टीव्हीवर 131 भाग चालली. तिच्या पुढची गोष्ट सांगणारा हा चित्रपट डिसेंबर 2018 मध्ये जपानमध्ये आला. पटकथा मूळ निर्माते अकिरा तोरियामा यांची. ब्रोली हे पात्र मात्र 1993 च्या एका चित्रपटातलं, आणि तिथे तो जवळजवळ निव्वळ राक्षस होता. तोरियामांनी त्याला नवं बालपण दिलं. राजपुत्रापेक्षा या बाळाची ताकद जास्त निघते म्हणून राजा त्याला वॅम्पा नावाच्या उजाड ग्रहावर पाठवून देतो. वडील पॅरागस मागोमाग जातात, यान बिघडतं आणि बाप-लेक तिथेच अडकतात. मुलाला राग आला की तो आवरत नाही, म्हणून पॅरागस त्याच्या गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा घालतात. रिमोट त्यांच्या हातात.

यानातल्या त्या प्रसंगात चिलाई नावाची मुलगी ब्रोलीला विचारते, कमरेला हे हिरवट कातडं कशाला बांधलंस? तो सांगतो, हा बाचा कान. बा हा वॅम्पावरचा अजस्र प्राणी. त्याला चुकवत चुकवत ब्रोली सराव करायचा आणि हळूहळू दोघांची दोस्ती झाली. पॅरागसना वाटलं, अशाने पोरगा मवाळ होईल. त्यांनी बावर गोळी झाडली, कान तुटला. त्यानंतर बाने ब्रोलीला कधी जवळ येऊ दिलं नाही.

मुलाने तिथे थांबवलं. कातड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे तो सोडत नाही. लढताना पण नाही."

अशा वेळी अर्थ लावायची घाई अंगाशी येते, असं माझं मत आहे. मूल ब्रोली, बाप पॅरागस, संपलं प्रकरण! सिनेमा म्हणजे कुंडली नव्हे. मी एवढंच विचारलं, "तुझ्याकडे असं काही आहे, जे कुणी तोडलं?" बराच वेळ तो टॅबच्या कडेवर नख घासत राहिला. मग मित्राचं नाव आलं. शेजारचा, वर्गातलाच. चाचणीत गुण घसरल्यावर वडिलांनी मित्राच्या घरी जाऊन सांगितलं होतं, यापुढे एकत्र अभ्यास नको, खेळणंही नको. तेव्हापासून तो मित्र वर्गात याच्याकडे बघत नव्हता. शाळेत ढकललेला मुलगा कोण, हे शाळेच्या चिठ्ठीत लिहिलं नव्हतं आणि घरी कुणी विचारलं नव्हतं. तो हाच मित्र.

मुलाच्या परवानगीने ही गोष्ट मी पालकांपुढे मांडली आणि वडिलांना एक काम दिलं: हा सिनेमा मुलासोबत बसून सलग बघा, मध्ये उपदेश करू नका. ते नाखुशीने तयार झाले. पुढच्या भेटीत मी समजून होते की त्यांना अपराधी वाटत असेल. तसं काही नव्हतं. ते चक्क पॅरागसची बाजू घेऊन आले!

"तो माणूस एकटा अडकलाय मॅडम. पोराची ताकद त्याच्या हाताबाहेरची. काय करणार होता तो?"

मला हे फार मोलाचं वाटलं. तोवर ते शिस्तीबद्दल बोलत होते. आता भीतीबद्दल बोलायला लागले. दार आपटलं त्या दिवशी मुलगा उंचीने त्यांच्या खांद्याला लागला होता, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं होतं. आवाज चढवून हा आता ऐकणार नाही, मग काय चालेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुलूप हा त्यावरचा त्यांचा उपाय. मुलगा शेजारीच बसून ऐकत होता. वडील त्याच्याकडे वळून म्हणाले, "पण मग बाप मेल्यावर तो एवढा पेटतो का? सुटला ना पट्ट्यातून?"

सिनेमात फ्रीझा हा खलनायक मुद्दाम पॅरागसना ठार करतो. ब्रोलीचा राग शिगेला पोचावा, एवढ्यासाठी. आणि तो पोचतो.

"बाबा होते त्याचे," मुलगा म्हणाला. सरळ माहिती द्यावी तसं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मित्राच्या घरी वडील पुन्हा गेले, या वेळी मुलाला घेऊन. मुलाने ढकलल्याबद्दल माफी मागितली. मित्राच्या आईने ‘बघू’ म्हटलं. दोघं हल्ली बोलतात, पूर्वीसारखं नाही. राग आला की खोलीत जायचं, मागे कुणी जायचं नाही आणि बोलणं अर्ध्या तासाने, हा करार घरात टिकला आहे. दार अजून अधूनमधून आपटतं. टॅब कपाटाबाहेर आहे, रात्री मात्र बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतो आणि ती अट मी मोडू दिली नाही. झोप कमी झालेल्या मुलाच्या चिडचिडीचं खापर आपण बिचाऱ्या गोकूवर फोडत असतो.

बंदी कधीच घालू नये, असं माझं म्हणणं नाही. या चित्रपटाला अमेरिकेत ‘पीजी’ दर्जा आहे, म्हणजे पालकांनी मार्गदर्शन करावं अशी सूचना. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तो दाखवायला मी सांगणार नाही. धाकट्या भावंडावर ठोसे करून बघितले जात असतील तर ते तिथल्या तिथे थांबवायचं, सिनेमा कोणताही असो. आणि मूल प्राण्यांना इजा करत असेल, दुसऱ्याच्या वेदनेत त्याला मजा येत असेल, स्वतःला किंवा इतरांना मारण्याबद्दल बोलत असेल, तर ॲनिमेची चर्चा बाजूला ठेवून लवकरात लवकर बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. बाकी घरांत आधी मुलाच्या शेजारी बसून बघा, तो कोणता भाग पुढे ढकलतो आणि कुठे मागे नेतो. ‘हेच का आवडतं?’ असं विचारलं तर बहुतेक मुलं खांदे उडवतात. ‘हा कोण? याचं काय झालं?’ असं विचारलं तर अर्धा तास ऐकायची तयारी ठेवा.