वाचकांचे प्रश्न: न आलेले शूज, गुळगुळीत झालेला बॉल आणि ग्रुपचे पैसे

या वेळची बरीचशी पत्रं संध्याकाळी हौसेने बास्केटबॉल खेळणाऱ्यांची आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त खेळाबद्दल नाहीतच, ऑनलाइन खरेदीत गेलेल्या पैशांबद्दल आहेत. म्हणून दोन्ही विषय एकत्रच घेतेय.

ताई, शूज मागवले होते, सत्तर टक्के सूट होती आणि वर 'ऑफर संपायला ९ मिनिटं' असं उलटं घड्याळ चालू होतं म्हणून घाईघाईत कार्डने पैसे भरले. दहा दिवसांनी ट्रॅकिंगला 'डिलिव्हर्ड' दिसलं पण माझ्याकडे काहीच आलेलं नाही. मेल केला तर म्हणतात पार्सल पोचलंय, आता आम्ही काही करू शकत नाही. खरंच काही होत नाही का?

होतं, पण आजच करा. यातली युक्ती आधी सांगते, कारण ती माहीत नसली की माणूस उगाच शेजाऱ्यांवर संशय घेत बसतो. विकणारा रिकामं पाकीट नाहीतर एखादी फुटकळ वस्तू तुमच्याच शहरातल्या कुठल्यातरी दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो, त्यामुळे ट्रॅकिंग नंबर खरा असतो, डिलिव्हरी पण खरी असते, फक्त ते पार्सल तुमचं नसतं. कुरिअर कंपनीला विचारा की या नंबरचं पार्सल माझ्या पत्त्यावर दिलं होतं का आणि नोंदवलेलं वजन किती. बॉक्ससकट बास्केटबॉल शूजचा जोड साधारण किलोच्या आसपास भरतो, तिथे नोंद ५० ग्रॅमची निघाली तर तेवढा एक कागद तुमच्या बाजूने खूप बोलतो.

तो लेखी घ्या, ऑर्डरची पावती आणि मेल जोडा आणि कार्ड देणाऱ्या बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराबद्दल लेखी तक्रार, टाका. याला मुदत असते आणि विकणाऱ्याला ती पाठ असते, म्हणूनच तो 'अजून १५ दिवस थांबा', मग 'अजून एक आठवडा' असं करत राहतो. मध्येच 'वीस टक्के परत घ्या आणि तक्रार मागे घ्या' असंही येईल, तर घेऊ नका, एकदा मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडणं बऱ्याचदा जमत नाही. आणि कार्ड बदलून घ्या हो, नंबर त्यांच्याकडे गेलाय. त्या साइटवर टाकलेला पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत असाल तर तोही बदला.

तुम्ही पत्रात लिहिलंय की साइटवर कुलपाचं चिन्ह होतं म्हणून विश्वास बसला. ते कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत जाणारी माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की चोर हे त्यातून कळत नाही, चोरालाही ते कुलूप लावता येतं. त्यापेक्षा साइटचं नाव 'हूइज' (whois) या साइटच्या नोंदी दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेत टाकून ती कधी नोंदवली ते बघा, 'गेली वीस वर्षं तुमच्या सेवेत' लिहिणारी साइट मागच्या महिन्यात नोंदवलेली निघाली तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

ऑनलाइन घेतलेला बॉल आला तोच चपटा, हवा भरल्यावर वेडावाकडा उसळतो आणि तीन आठवड्यांत गुळगुळीत झाला. नकली आहे का?

तीन वेगळ्या तक्रारी आहेत या, एक एक बघू. चपटा येणं ही फसवणूक नाही, बरेच बॉल हवा काढूनच पाठवतात. सुई ओली करून घाला, कोरडी घातली तर आतला व्हॉल्व्ह फाटू शकतो आणि मग दोष कोणाचा यावर वाद. बहुतेक बॉलवर ७ ते ९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं छापलेलं असतं, तेवढीच हवा भरा.

उसळी बघायची तर बॉलचा तळ १.८ मीटरवर येईल असा धरून कडक जमिनीवर सोडा, बॉलचा वरचा भाग साधारण १.२ ते १.४ मीटरपर्यंत यायला हवा. मग बॅकस्पिन देऊन, म्हणजे स्वतःकडे उलटा फिरवत, सरळ वर फेका, फिरताना डोलताना दिसला तर तो गोल नाहीये, आणि तसा बॉल खरोखर परत करण्यासारखा आहे. घरात वजनकाटा आणि टेप असेल तर तेही करा. ७ नंबरचा बॉल ५८० ते ६२० ग्रॅम आणि घेर ७५ ते ७७ सेंटिमीटर. महिलांचा ६ नंबर त्याहून लहान, ५१० ते ५५० ग्रॅमचा. हे मुद्दाम सांगतेय कारण 'लहान पण जड बॉल पाठवून फसवलं' अशीही दोन पत्रं आलीत, तर तो थ्री बाय थ्रीचा, म्हणजे एका बास्केटवर तिघांविरुद्ध तिघे खेळतात त्या प्रकाराचा, बॉल असू शकतो, त्याचा घेर ६ नंबरचा आणि वजन ७ नंबरचं असतं, म्हणजे फसवणूक नाही, चुकीची ऑर्डर.

गुळगुळीत होण्याचं कारण बहुतेक तुमचं कोर्ट आहे. इनडोअरचा बॉल सिमेंटवर घासला की पकड लवकर जातेच, बाहेर खेळायला सरळ रबराचा घ्या. फक्त वर्णनात 'आउटडोअर' लिहिलं असेल तर मात्र चूक विकणाऱ्याची, वर्णनाचा स्क्रीनशॉट लावून परत पाठवा. आणि तोवर जुना बॉल आहेच की. १८९१ साली जेम्स नेस्मिथनी हा खेळ सुरू केला तेव्हा पहिली मॅच फुटबॉलने आणि पीच फळांच्या टोपल्यांत झाली होती, बॉल वेगळा म्हणून खेळ अडला नव्हता.

ताई, आमच्या ग्रुपच्या जर्सीसाठी मी बारा जणांचे पैसे गोळा केले. सोशल मीडियावर एकाचं पेज होतं, फोटो छान होते. त्याने पूर्ण रक्कम बँक ट्रान्सफरने मागितली, दिली. मग म्हणाला पार्सल अडकलंय, सोडवायला अजून पैसे लागतील, तेही मी कोणाला न विचारता दिले. मग ब्लॉक केलं. ग्रुपवर कोणी स्पष्ट बोलत नाही पण एकाने 'नक्की पाठवलेस ना रे?' असं विचारलं. तीन आठवडे मी कोर्टवर गेलेलो नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. माझ्याबाबतीत असंच झालं होतं, आमच्या रविवारच्या टीमसाठी नेट आणि बॉल एकत्र मागवायचं ठरलं, पैसे माझ्याकडे होते आणि विकणारा गायब झाला. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण 'आता सगळे माझ्याकडे कसं बघतील' हे जे पोटात राहतं ना ते फार वाईट, आणि तू लिहिलेलं तेच आहे.

आधी बँक. तीन आठवडे झालेत तरी कळव, समोरच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर अडवता येण्याची शक्यता असते, ती दर दिवशी कमी होत जाते म्हणून उद्यावर टाकू नको. मग पोलिसांच्या सायबर विभागात लेखी तक्रार, आणि तिची पोच घे. राग आला म्हणून चॅट डिलीट करू नको. खातेक्रमांक, फोन नंबर, पेजची लिंक आणि सगळे मेसेज तारखेसकट दिसतील असे स्क्रीनशॉट काढून ठेव, कारण हे लोक पेजचं नाव बदलून तेच फोटो लावून पुन्हा बसतात.

मग ग्रुपला सांग. मेसेजवर नको, मेसेजवर प्रत्येक जण आपापल्या मूडमध्ये वाचतो. कोर्टवर जा, खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे बसलेले असताना ट्रान्सफरची पावती आणि तक्रारीची पोच दाखव आणि झालं तसं सांग, दुसऱ्या वेळचे पैसे न विचारता दिले हेसुद्धा. तो 'पाठवलेस ना रे' म्हणणारा मित्र वाईट नाही, त्याला कागद दिसलेला नाही एवढंच.

भरपाईचं माझं मत स्पष्ट आहे. पहिली रक्कम तू भरायची नाहीस, पेज सगळ्यांनी बघितलं होतं, डिझाइन सगळ्यांनी पसंत केलं होतं, निर्णय बारा जणांचा होता. दुसरी रक्कम तू एकट्याने ठरवून दिलीस, ती तुझी. हे तू स्वतःहून आधी बोललास तर मला वाटतं अर्धे जण तीही वाटून घेऊ म्हणतील, पण ते त्यांनी म्हणायचं.

आणि एक, हे फार महत्त्वाचं. आता तुला कोणीतरी गाठेल आणि 'तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फक्त थोडी फी आधी भरा' म्हणेल. कधी वकील म्हणून, कधी अधिकारी म्हणून. पहिल्या चोराकडून तुझा नंबर दुसऱ्याकडे गेलेला असतो, कधीकधी माणूसही तोच असतो. एक पैसा देऊ नको.

जर्सी पुन्हा करायची असेल तर आधी एकच नमुना मागवा, हातात घेऊन धुऊन बघा, बाकीची ऑर्डर कार्डने, आणि हिशोब दोघांकडे ठेवा. तोपर्यंत एका टीमने गडद टी-शर्ट, दुसरीने फिके. तीन आठवडे पुरे झाले, या आठवड्यात जा.

'पत्ता अपूर्ण आहे, थोडं शुल्क भरा' असा मेसेज आला, पार्सल खरंच यायचं होतं.

लिंक दाबू नका. ऑर्डर केली त्या ॲपमध्ये जाऊन बघा. किरकोळ शुल्क हे निमित्त असतं, त्यांना तुमचा कार्ड नंबर आणि ओटीपी हवा असतो, आणि असे मेसेज हजारोंना जातात म्हणून कोणाचं ना कोणाचं पार्सल वाटेत असतंच. कार्डाची माहिती भरून झाली असेल तर पुढचं वाचू नका, आधी कार्ड ब्लॉक करा.

आमच्याकडे एक काका प्रत्येक लेअपला (बास्केटजवळ धावत जाऊन मारलेल्या शॉटला) फाउल मागतात, दहा मिनिटं वाद, आणि बाहेर आठ जण वाट बघत उभे. खेळायची इच्छाच जाते.

दोन गोष्टी करून बघा. फाउलवर एकमत झालं नाही तर मागणाऱ्याने थ्री-पॉइंट लाइनवरून एक शॉट मारायचा, गेला तर बॉल त्याचा, नाही गेला तर समोरच्यांचा, आणि त्यावर पुढे बोलायचं नाही. हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा, वाद चालू असताना काढलं तर काकांना वाटेल त्यांच्यासाठीच नियम केला. दुसरं, गर्दी असेल तेव्हा एका बास्केटवर थ्री बाय थ्री खेळा, १० मिनिटं किंवा आधी २१ पॉइंट जो करेल तो जिंकला, थ्री-पॉइंट लाइनच्या आतून १ आणि बाहेरून २. हरलेली टीम बाहेर, वाट बघणारी आत. दोन बास्केट असतील तर एका वेळी बारा जण खेळतात, आणि घड्याळ चालू आहे म्हटल्यावर काकासुद्धा बॉल पटकन आत टाकतील, माझ्या कोर्टवर तसंच झालं.