बॉटल ग्रीन की शेवाळी?

उत्तरेला एकच खिडकी, सागवानी कपाट आणि शेडकार्डावर जुळे वाटणारे दोन गडद हिरवे; भिंतींना त्यातला कुठला लावू, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तुमच्या बेडरूमसाठी माझं मत शेवाळीला.

रंग इतका गडद असला की डोळ्याला आधी काळेपणाच दिसतो, म्हणून दोन्ही सारखे वाटतात. कोऱ्या पांढऱ्या कागदावर दोन्ही चौकोन ठेवून खिडकीशी बघा. बॉटल ग्रीनमध्ये निळसर झाक दिसेल, शेवाळीत पिवळसर. उत्तरेचा उजेड मुळात थंड, निळसर. त्यात बॉटल ग्रीन दिवे लागायच्या वेळेला काळाच दिसायला लागतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे जे आभाळ असतं त्यात भर दुपारीसुद्धा. शेवाळी मात्र हिरवा राहतो.

दिवा कुठला लावणार हे तुम्ही लिहिलं नाही, पण तेही बघायला हवं. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत शेवाळी छान उठतो. 2700-3000 च्या पिवळ्या दिव्यात तो मेंदीकडे झुकतो. काहींना तेच आवडतं. बॉटल ग्रीनची एक बाजू मात्र खरी भक्कम: सागवानाचा तांबूसपणा त्याच्यापुढे खुलतो, शेवाळीपुढे कपाट भिंतीत थोडं मिसळतं. कपाटच मिरवायचं असेल तर माझं ऐकू नका.

दोन्हींचे सगळ्यात लहान डबे आणून प्लायच्या दोन तुकड्यांवर दोन-दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा. पूर्ण वाळल्यावरच बघा. आधी कपाटाशेजारी, मग खिडकीसमोरच्या भिंतीवर. सकाळी आणि रात्री. दुकानातल्या ट्यूबखाली ठरवू नका.

पेंटर म्हणेल, "दोन हातांत होतंय की." गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्या मूळ रंगात शेड मिसळतात त्यात, पांढरं पिगमेंट नसल्यातच जमा, त्यामुळे रंग झाकत नाही आणि रोलरचे पट्टे दिसतात. खाली राखाडी प्राइमर मारून घ्या, तिसरा हात धरूनच हिशोब करा. सगळे डबे दुकानातून एकदम टिंट करून (शेड मिसळून) आणा आणि बादलीत एकत्र ढवळा. फिनिश मॅटच घ्या, चकाकीत लांबीचा (पुट्टीचा) प्रत्येक चढउतार दिसतो.

भिंतीत ओल असेल तर आधी ती काढा. क्षार फुटले की पांढऱ्या भिंतीवर खपून जातात, गडद हिरव्यावर लांबूनही दिसतात. जमलं तर काम दिवाळीनंतर काढा, भिंती सुकलेल्या असतात.