व्हिलन मोठा नको, जवळचा हवा

अगं,

तुझ्या गेमच्या गोष्टीची सव्वीस पानांची फाईल काल रात्री वाचून काढली आणि मग झोपच लागेना. चौथा भाग आहे, तीन भाग तोच व्हिलन चाललाय, मीटिंगमध्ये तुला सांगितलं की यावेळी स्केल वाढव, म्हणून तू त्याच्या डोक्यावर आणखी एक आणून बसवलास, जो म्हणे पहिल्यापासून सगळ्यांना नाचवत होता, आणि आता त्याला जग संपवायचंय. पान अकरावर तू स्वतःच लिहिलंयस, "का संपवायचंय ते नंतर बघू". ते नंतर कधी येत नाही गं. मी वाट बघून बसलेला माणूस आहे.

तुला लिहिता येतं का, वगैरे बोलण्यात मी वेळ घालवणार नाही. एकच गोष्ट सांगायचीय आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे: व्हिलन मोठा करू नको, जवळ आण.

रेसिडेंट ईव्हिल, ती भयपट छापाच्या गेम्सची सिरीज, तू खेळलीयस, पण व्हिलन लिहिणाऱ्याच्या नजरेने पुन्हा बघ. १९९६ च्या पहिल्या गेममध्ये एक बंगला होता आणि वेस्कर होता. वेस्कर कोण? आपल्याच टीमचा कॅप्टन. आपण ज्याच्या हुकमाने आत शिरलो तोच विकला गेलेला निघतो. भीती तिथे होती, आपल्या शेजारी उभी होती. मग प्रत्येक वेळी तो थोडा थोडा वाढत गेला. २००९ च्या पाचव्या भागात तो माणूस राहिलेलाच नाही, गोळ्या चुकवतो, विमानातून अख्ख्या जगात व्हायरस पसरवायला निघतो आणि शेवटी ज्वालामुखीत लाव्हामध्ये संपतो. तेरा वर्षांत कॅप्टनचा देव झाला, आणि देवाला कोण घाबरतं? बॉस फाईट, म्हणजे मोठ्या शत्रूशी लढत, म्हणून खेळतो आपण, संपली की उठून चहा करतो. २०१२ चा सहावा भाग तर अजून फुगवला, चार वेगवेगळ्या कॅम्पेन, म्हणजे एकाच गेममध्ये चार कथा, अमेरिकेपासून चीनपर्यंत शहरं पडतायत, आणि व्हिलन रूप बदलत बदलत शेवटी इमारतीएवढी माशी होतो. मी तो पूर्ण खेळलो, मेहनत दिसते त्यात, पण आज मला त्यातला एकही संवाद आठवत नाही.

आणि मग २०१७. सातवा भाग. कॅपकॉमने, म्हणजे ही सिरीज बनवणाऱ्या कंपनीने, काय केलं बघ, जग बाजूला ठेवलं, लुइझियानातलं एक पडकं घर घेतलं, कॅमेरा हिरोच्या डोळ्यांत बसवला. हिरो पण पोलीस नाही, कमांडो नाही, तीन वर्षांपूर्वी हरवलेल्या बायकोला शोधायला आलेला साधा नवरा. ट्रेलर आला तेव्हा जुने फॅन ओरडले की हा आपला गेमच नाही. पुढे त्याच गेमच्या एक कोटीच्या वर प्रती गेल्या, पण तो मुद्दा नाही, तू विक्रीचा आकडा मीटिंगमध्ये वापर हवं तर.

मुद्दा ते जेवणाचं टेबल आहे. डोळे उघडतात तेव्हा तू खुर्चीला बांधलेली आहेस, समोर घाण अन्न वाढलंय, आणि जॅक बेकर, म्हणजे घरातला बाप, तू खात का नाहीस म्हणून चिडतोय. त्याची बायको चिडून उठते, पोरगा फेकाफेक करतो, व्हीलचेअरवर एक म्हातारी गप्प. जगावर राज्य करायची भाषा कोणी करत नाही. पाहुण्याने जेवावं एवढंच त्यांना हवंय. आपण कितीतरी घरांत नको नको म्हणताना पानात वाढून घेतलंय ना, त्या आग्रहाची ओळख आपल्या अंगात आहे, म्हणून तो सीन पोटात जातो. मग जॅक भिंत फोडून मागे लागतो, मारला तरी उठतो, आणि ते सगळं चालतं कारण आधी त्याने तुला जेवायला बसवलंय.

आणि खरा व्हिलन? ती म्हातारी. एव्हलिन. लहान मुलीच्या रूपात बनवलेलं जैविक शस्त्र, जी झपाट्याने म्हातारी होत गेलीय आणि जिला फक्त एक कुटुंब हवं होतं. तू घरभर फिरत असताना ती कधी या कोपऱ्यात, कधी त्या, आणि तू तिच्या बाजूने दहा वेळा गेलेली असतेस. यापेक्षा जवळ काय आणणार! वर शेवटाकडे जॅक एकदा शुद्धीवर आल्यासारखा भेटतो, शांत बोलतो, माझ्या घरच्यांना सोडव म्हणतो, तेव्हा कळतं की त्या मायलेकींना, म्हणजे हिरोच्या हरवलेल्या बायकोला आणि लहान एव्हलिनला, आसरा देणारा भला माणूस हाच होता. (मायलेकी तू म्हणशील, खऱ्या नव्हेत, पण खेळताना मला तसंच वाटलं.)

तू लगेच म्हणशील, मग २०२१ च्या पुढच्या भागातली, व्हिलेजमधली व्हिलन लेडी दिमित्रेस्कू? टोपी आणि टाचा धरून जवळपास २.९ मीटर उंच बाई! हो, पण ती आठवते कशाने? दारातून येताना तिला वाकावं लागतं. दार तुझ्या मापाचं आहे, म्हणून ती मोठी वाटते. त्याच गेममधली मदर मिरांडा सगळ्यांच्या वरची, तिचं मेलेल्या मुलीचं दुःख खरं आहे, पण ते आपल्याला उशिरा आणि कागदांतून कळतं. म्हणून लोक उंच बाईबद्दलच बोलत राहिले. परत तेच. जवळ.

आता माझं. मीसुद्धा एका सिरीजचा तिसरा भाग लिहिला होता, तुला माहितीये. त्यात एक आई होती, खालून हाक मारायची, "पानं वाढलीयेत रे", आणि तुम्ही वर लपलेले. बारा पानांचा सीन. मला सांगितलं गेलं की मेलेला व्हिलन परत आणा, पोस्टरवर तोच ओळखीचा आहे. मी आणला. दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरात आणला. तेव्हा अकरा जणांचे पगार त्या रिलीजवर होते, तारीख हलणार नव्हती, आणि मी भांडलो असतो तर मला काढून दुसऱ्याने तेच केलं असतं, हे सगळं खरं आहे आणि अजूनही मला पटतं. पण ती बारा पानं मी स्वतःच्या हाताने डिलीट केली. कोणी सांगितलं नव्हतं डिलीट करायला. बाजूला ठेवता आली असती. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणून चिडतो मी तुझ्यावर. कारण तुझ्या फाईलमध्ये पान चौदावर ती बसलीय आणि तुला दिसत नाहीये! दवाखान्यातली कंपाउंडर बाई. तीन भाग प्लेअर जखमी झाला की तिच्याकडे जातो, ती पट्टी बांधते, तो बरा होतो. तू तिला "हीलिंग पॉईंट" लिहून सोडून दिलंस. अगं, तीन भाग लोक तिच्यापुढे हात करतायत. त्या गावात प्रत्येकाच्या अंगाला हात लावलेली ती एकटी आहे. कोण कधी मरणार हे तिला आधी कळत असणार. तुला वरून कोणी आणायची गरजच काय?

मीटिंगमध्ये म्हणतील स्केल कुठाय. म्हण, तीन भागांतली प्रत्येक पट्टी हे स्केल आहे.

रविवारपर्यंत मला चार पानं पाठव. जगाचा नकाशा नको, तिच्या भूतकाळाचा तक्ता पण नको. दुपारी तीनला दवाखान्यात कोणी नसताना ती काय करते, कुठल्या ड्रॉवरला कुलूप लावते, आणि तेवढ्यात प्लेअर दारात येऊन उभा राहिला तर कुलूप लावता लावता त्याच्याशी काय बोलते, तेवढंच.