वासरांना मुरघास सुरू करताय? आधी एवढं बघा

चांगलं ठरवलंत. मुरघास म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. फक्त पहिल्याच दिवशी गव्हाण भरून टाकू नका. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो. पोटातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. ओंजळभरापासून सुरुवात करा आणि ८-१० दिवसांत हळूहळू वाढवा. शेण पातळ झालं तर दोन दिवस आहे तिथेच थांबा.

तीन महिन्यांखालच्या वासरांना मात्र नकोच. त्यांचं पोट अजून तयार व्हायचं असतं.

मुरघासाची बॅग उघडल्यावर आधी वास घ्या. आंबूस-गोडसर वास, पिवळसर हिरवा रंग म्हणजे माल उत्तम. काळा पडलेला, चिकट, बुरशीचा भाग सरळ फेका. "थोडीशीच आहे" म्हणून बुरशी खाऊ घातली की महागात पडतं, मी एकदा पडलोय त्यात.

बाकी लक्षात ठेवायचं:

- रोज लागेल तेवढाच काढा, पण बॅगेच्या सगळ्या तोंडावरून सारखा थर काढा. मध्येच खड्डा केला की हवा आत शिरते. काढून झालं की तोंड घट्ट बंद.
- मक्याच्या मुरघासात ऊर्जा भरपूर, प्रथिनं कमी, पाणी सोडून उरलेल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के. नुसत्या त्यावर वासरू गुबगुबीत दिसतं, पण हाडापेराने वाढत नाही. जोडीला पेंड किंवा लसूणघास, शिवाय खनिज मिश्रण हवंच.
- थोडा सुका चारा चालू ठेवा. रवंथ नीट होतो.
- गव्हाणीतलं उरलेलं रोज झाडून काढा, शिळ्यावर ताजं टाकू नका.

कल्चर (मुरघास करताना घालायचे जिवाणू), चाऱ्यावर युरिया प्रक्रिया वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका.